गोव्यात हिवाळ्यात घर विकायचंय? मग श्रावणातच कामाला लागा

तुळशीचं लग्न आटोपलं की गोव्यात घर बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. दिल्ली, मुंबई, पुणे, बेंगळुरूचा गिऱ्हाईक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इथे उतरतो. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे आणि बार्देशाच्या आतल्या गावांतही भाड्याच्या गाड्या घरं शोधत फिरताना दिसतात. त्यामुळे "सीझन येऊ दे, मग बघू" म्हणणारे घरमालक पुष्कळ. माझं म्हणणं याच्या उलट आहे. हिवाळा हा घर दाखवण्याचा काळ. विक्रीची खरी तयारी पावसात व्हायला हवी. गिऱ्हाईक चार दिवसांच्या सुट्टीवर येतो, घर आवडलं की आपल्या वकिलाला कळवतो, आणि वकील जे कागद मागतो ते चार दिवसांत निघत नाहीत.

हिवाळ्याचा आणखी एक फायदा आहे, तो फारसा कोणी हिशेबात धरत नाही. नाताळ, नववर्ष आणि गावच्या जत्रेसाठी दुबई, लंडन, पुण्याला असलेली भावंडं घरी येतात. घेणारे आणि सह्या करणारे एकाच वेळी गोव्यात असतात असे हेच काही आठवडे. ते हातचे गेले तर पुढचं वर्ष मुखत्यारपत्रं कुरिअरने फिरवण्यात जातं.

आधी सह्या मोजा

महाराष्ट्रातून आलेल्या वकिलालाही इथे गडबडायला होतं, कारण कुटुंब आणि वारसा या बाबतीत गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. घर कागदावर एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी विक्रीखतावर बायकोची सही लागते. वडिलोपार्जित घर असेल तर भावंडांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. म्हणजे चार विवाहित भावंडं असतील तर आठ सह्या. त्यात एखादी वहिनी मस्कतला असते, एखादे भावोजी चार वर्षं बोललेले नसतात.

म्हणून श्रावणात एका कागदावर वंशावळ काढा. कोण हयात आहे, कोण गेलं, गेलेल्यांचे वारस कोण, प्रत्येकाचा जोडीदार कोण, कोण कुठे राहतो आणि डिसेंबरात कोण येणार, हे सगळं त्यात लिहा. आई किंवा वडील गेल्यावर वारसपत्र केलेलं नसेल तर ते स्पेशल नोटरीसमोर करून घ्या. वारसांत वाटणीवरून वाद असेल तर गाठ इन्व्हेंटरीशी, म्हणजे कोर्टाशी. ते काम एका सीझनमध्ये उरकेल ही आशा सोडा. तुम्हाला फक्त आपला न वाटलेला हिस्सा बाहेरच्या माणसाला विकायचा असेल तरी आधी सहवारसांना लेखी विचारा. पहिला हक्क त्यांचा, आणि त्यांना डावलून केलेली विक्री पुढे कोर्टात अडकू शकते.

कायद्यात कुठेच नसलेली एक गोष्टही याच वेळी बोलून घ्या. ज्या घरात सगळ्या कुटुंबाचा चवथीचा गणपती बसतो, ते घर विकताना कागदावर हक्क नसलेले चुलतेही बोलायला येतात. पुढच्या चवथीला गणपती कोणाकडे, देवघरातले देव कुठे, तुळशीवृंदावनाचं काय, हे आधी ठरलं नाही तर ऐन करारावेळी कोणीतरी काका रुसतो आणि त्यांच्या मुलाची सही अडते.

कागद: कोणता कुठून आणायचा

पहिला एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद असलेले फॉर्म एक आणि चौदा. शहरी सर्व्हे असेल तर फॉर्म डी. त्याबरोबर सर्व्हे नकाशा. दोन्ही भूमापन खात्याकडून मिळतात, उतारा ऑनलाइनही निघतो. उताऱ्यावर आपलं नाव बघून समाधान मानू नका. कुळाचा रकाना आणि 'इतर हक्क' हे रकाने शेवटपर्यंत वाचा. आजोबांच्या काळातल्या कुळाचं नाव तिथे बसलेलं असतं, आणि आपल्याला नाही तरी घेणाऱ्याच्या वकिलाला ते पहिल्यांदा दिसतं. नकाशावर घराची आकृती आहे का तेही पाहा. नसेल तर घर जुनं असल्याचा दुसरा पुरावा जमवावा लागेल.

मग मालकीची साखळी. १९६१ च्या आधीचे दस्त पोर्तुगीजमध्ये असतात आणि त्यांच्या नकला जुन्या भूनोंदणीतून किंवा पुराभिलेख खात्यातून काढाव्या लागतात. भाषांतर जाणकाराकडूनच करून घ्या. इथे हमखास अडतं ते नावांवर. जुन्या दस्तात 'कामोतीं', शाळेच्या दाखल्यावर 'कामत', आधारवर आणखी तिसरंच. खरेदीखताच्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या टेबलापुढे हा घोळ निघाला तर नुसता दिवस वाया जात नाही, घेणाऱ्याच्या मनात शंकाही बसते. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून फायलीत लावा.

बोजा नसल्याचा दाखला सब-रजिस्ट्रारकडून. जमिनीची रूपांतर सनद (शेतजमीन बिगरशेती केल्याचा कागद) असेल तर ती, पंचायत किंवा पालिकेचा बांधकाम परवाना आणि ऑक्युपन्सी, म्हणजे घर वापरायला योग्य असल्याचा दाखला, नगरनियोजन खात्याकडून झोनिंगचा, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी ठेवली आहे त्याचा दाखला. मोठ्या जमिनीतून घरापुरता तुकडा तोडून विकायचा असेल तर नगरनियोजनाच्या ना हरकतीशिवाय नोंदणी होत नाही. नंतर वाढवलेली बाल्कनी, वर चढवलेला पत्रा, मागे काढलेली खोली नकाशात नसेल तर ती नियमित करता येते का ते आताच विचारा. आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. पंचायतीने घरक्रमांक दिला, कर घेतला, एवढाच तिचा अर्थ.

तीन जागी विशेष सावध राहा. घर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा, म्हणून मिळालेलं असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली तुमची मामलेदाराकडे काय नोंद आहे ते आधी तपासा. तुमच्याच भाटात (बागायतीच्या जमिनीत) कोणी मुंडकार असेल तर तो घेणाऱ्याला पहिल्या भेटीतच सांगा. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची असेल तर त्या कोमुनिदादच्या कागदांशिवाय पुढे जाऊ नका. आणि समुद्राकाठी किंवा भरती-ओहोटीच्या नदीकाठी घर असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचा प्रश्न येतो. किनारी नियमांची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. घर त्याआधीचं असल्याचा पुरावा, म्हणजे जुनी घरपट्टी, जुनं वीजबिल किंवा नकाशावरची आकृती, हाताशी असला की बोलणी सोपी होतात.

वाटेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गोव्यात जुळत आलेले अनेक सौदे वाटेवर मोडतात. गावच्या घरांना जाणारी वाट अनेकदा शेजाऱ्याच्या भाटातून, पिढ्यान्‌पिढ्याच्या सवयीने चाललेली असते. आजोबा बैलगाडी नेत होते, आपण स्कूटर नेतो, कोणी हरकत घेतलेली नाही. पण नकाशावर ती वाट नसते. बाहेरचा गिऱ्हाईक मोठी गाडी आणणार, त्याच्या बँकेचा इंजिनियर "रस्ता कुठे दाखवलाय?" विचारणार. शेजाऱ्याशी संबंध गोड असताना, म्हणजे तुम्ही अजून तिथे राहत असताना, वाटेच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त करून घ्या. नवीन मालक आल्यावर तोच शेजारी तीच सही फुकट देणार नाही.

२०२२ मध्ये जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी सरकारने विशेष तपास पथक नेमलं, तेव्हापासून बाहेरचे खरेदीदार फार सावध झाले आहेत. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस काढून हरकती मागवणं हा आता रिवाजच आहे. नोटीस खरेदीदाराचा वकील देतो, पण ती कोणत्याही दिवशी छापून आली तरी गावातून कोणी उठणार नाही, अशी खात्री तुम्हाला हवी.

पाऊस ओसरला की घराकडे वळा

गोव्याच्या घराची खरी परीक्षा जून ते सप्टेंबरात होते आणि गिऱ्हाईक येतो कोरड्या डिसेंबरात. शहाणा गिऱ्हाईक म्हणूनच भिंतीला तळवा लावून बघतो, कपाट उघडून वास घेतो, पलंग सरकवून मागचे पोपडे पाहतो. ओल लपवण्याच्या नादात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भिंतीला प्लास्टिक पेंट मारणं हा सगळ्यात महाग मूर्खपणा. चिऱ्याची भिंत चार महिने पाणी पिऊन बसलेली असते. वरून रंगाने तोंड बंद केलंत की ते पाणी आतून फुगे काढतं, आणि हे फुगे नेमके नाताळच्या सुमारास, पाहुणे घर बघत असताना फुटतात.

भिंत वाळली का हे कळायला सोपी युक्ती आहे. हातभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक रात्र सोडा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर रंगाला वेळ आहे. दारं-खिडक्या उघडी ठेवून ऑक्टोबरची हीट आपलं काम करू द्या. पोपडे खरवडा, शेवाळ ब्रशने घासा, आणि दोनदा तपासूनच प्रायमर मारा. जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतींना चुनाच बरा, तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

छपराची शाकारणी आपण पावसाच्या तोंडावर करतो. विकायचं घर असेल तर मेची वाट बघू नका. माकडांनी फोडलेली कौलं ऑक्टोबरातच बदला. वाशांना आणि रिपांना वाळवी लागली असेल तर तेवढा तुकडा सरळ बदला, वरून वॉर्निश चोपडू नका. विहीर उपसून घ्या. सेप्टिक टाकी कुठे आहे आणि शेवटची कधी उपसली हे सांगता आलं पाहिजे. फ्लॅट असेल तर गच्चीची गळती आणि सोसायटीची थकबाकी, दोन्हींचा निकाल लावा. जिथे सोसायटी झालेलीच नाही आणि बिल्डरने जमीन हस्तांतरित केलेली नाही, तिथे ते न लपवता सांगा.

एक काम मात्र पाऊस चालू असतानाच करायचं. जुलैत धो धो कोसळत असताना घराचा व्हिडिओ काढा. छताखालचा कोरडा वासा, अंगणातून वाहून जाणारं पाणी, न तुंबणारी वाट, सगळं त्यात येऊ द्या. मे महिन्यात विहिरीतलं पाणी दाखवणारा फोटो तारखेसह ठेवा. "पावसात काय होतं?" आणि "उन्हाळ्यात पाणी असतं का?" हे दोन प्रश्न दर गिऱ्हाईक विचारतो. तोंडी उत्तरापेक्षा हे फोटो जास्त काम करतात.

किंमत

पोर्टलवर दिसणाऱ्या किमती मालकांच्या अपेक्षा असतात. तुमच्याच गावात, तशाच वाटेच्या आणि तशाच झोनच्या घराची प्रत्यक्ष नोंदणी कितीला झाली ते वकिलाकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून काढा. सरकारी मूल्यही बघा, कारण व्यवहार त्याच्यापेक्षा फार खाली दाखवला तर आयकर खातं तेच मूल्य धरतं. आणि सीझन आहे म्हणून किंमत चढवून जानेवारीच्या शेवटी पाडलीत, तर तेच दलाल पुढच्या गिऱ्हाइकाला "मालक घाईत आहे" असं सांगतात. दलालाशी दलाली किती, कोणी द्यायची आणि कधी, हे सुरुवातीलाच लिहून घ्या.

दाखवणं

डिसेंबरात साडेसहाच्या आत अंधारतं, तेव्हा संध्याकाळी सहाची वेळ देऊ नका. सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी साडेतीन ते पाच ही चांगली वेळ. या दिवसांत ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, त्यामुळे दक्षिणेची वसरी किंवा बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) उजळून निघतं आणि उत्तरेच्या खोल्या अंधाऱ्या वाटतात. तिथले दिवे आधीच लावून ठेवा. घराचे फोटोही त्याच वेळेचे काढा. मात्र समोर शेत असेल तर ऑगस्टमधल्या हिरव्या भाताचा फोटो संग्रही असू द्या, कारण नोव्हेंबरात कापणी झालेली असते. वायंगण, म्हणजे हिवाळ्यातलं दुसरं भातपीक, करणाऱ्या गावात जानेवारीतही हिरवळ मिळते.

नाताळ ते एक-दोन जानेवारी हे दिवस कळंगुट, कांदोळी, हणजूण, वागातोर पट्ट्यात दाखवण्यातून वगळलेले बरे. तासभर गाडीत अडकून आलेल्या माणसाला घर आवडत नाही. आवडलं तरी रात्री शेजारच्या पार्टीचा आवाज ऐकून तो बेत बदलतो. त्यापेक्षा त्याला जानेवारीच्या मध्यावर बोलवा आणि आवाजाचं विचारलं तर खरं सांगा.

घर सीझनभर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं की विकायचं, एकच ठरवा. दोन्ही एकदम जमत नाही. आत पाहुणे असताना गिऱ्हाइकाला कपाट उघडून दाखवता येत नाही, आणि घर रिकामं नसेल तर ताब्याच्या तारखेवरून वाद होतो.

आपल्याकडे घर दाखवणारं माणूस नातेवाईक असतं, बहुधा शेजारची काकी. चावी तिच्याकडे, गप्पा तिच्या. "यांच्या धाकट्या भावाचं जमत नाही हो" हे वाक्य तिच्या तोंडून गेलं की सौदा संपला. चावी आणि बोलणं एकाच माणसाकडे ठेवा, आणि तो माणूस शक्यतो तुम्हीच असा.

गिऱ्हाईक घेऊ शकतो का?

सीझनमध्ये परदेशी माणूसही घर आवडलं म्हणून येतो. पर्यटन व्हिसावर आलेला परदेशी नागरिक भारतात घर विकत घेऊ शकत नाही, परकीय चलनाच्या फेमा कायद्यात ते बसत नाही. कोणी स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. ओसीआय कार्डधारक, म्हणजे भारतीय वंशाचा परदेशी नागरिक, राहतं घर घेऊ शकतो, पण शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस नाही. तुमच्या घराला लागून काजूचं भाट असेल तर हा फरक महत्त्वाचा. शिवाय भातशेतीच्या जमिनीवर गोव्याचा २०२३ चा हस्तांतरण निर्बंध कायदा आहे, त्यामुळे घर आणि शेत एकाच व्यवहारात गुंडाळू नका.

इसार आणि तारखा

गोव्यातला हिंदू गिऱ्हाईक पौषात इसार द्यायला कचरतो. पंचांग बघा. मार्गशीर्षात बोलणी पक्की झाली तर तेव्हाच इसार घ्या, नाहीतर माघ उजाडेपर्यंत "बघू" ऐकत बसाल. सरकारी सुट्ट्याही धरा: ३ डिसेंबर, १९ डिसेंबर, २५ डिसेंबर. पुढे कार्निव्हाल आणि शिगमोचे दिवसही लक्षात ठेवा. बँकेचं कर्ज काढणाऱ्याला कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकनाला आठवडे लागतात, म्हणून करारात तारीख मोघम ठेवू नका. मार्चअखेर सब-रजिस्ट्रारकडे गर्दी असते. मुद्रांक शुल्क घेणारा भरतो. गोव्यात त्याचे किमतीनुसार टप्पे आहेत, तेव्हा त्याला आधीच हिशेब करू द्या.

इसार बँकेतूनच घ्या. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. "थोडं ब्लॅक" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं आपण भलं करतो आणि आयकराची नोटीस आपल्याला येते.

कर, १५ मार्चच्या आधी

दोन वर्षांपेक्षा जास्त काळ हातात असलेलं घर विकलं की दीर्घ मुदतीचा भांडवली नफा. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, इंडेक्सेशनविना, म्हणजे महागाईनुसार मूळ किंमत वाढवून न धरता. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्ती २० टक्के आणि इंडेक्सेशन असा जुना हिशेब करून कमी येईल तो कर भरू शकते. वडिलोपार्जित घराची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल ऑक्टोबरातच करून घ्या.

गोव्यापुरती एक सोय आयकर कायद्यात आहे आणि बाहेरच्या सीएंना ती बऱ्याचदा ठाऊक नसते. पोर्तुगीज संहितेखालच्या सामाईक मालमत्तेत भांडवली नफा नवरा-बायकोत निम्मा-निम्मा वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचा असतो. मग करबचतीचे सहा महिन्यांच्या आत घ्यायचे रोखेही दोघांना प्रत्येकी ५० लाखांपर्यंत घेता येतात. दुसरं घर घेऊन कर वाचवायचा असेल तर दोन वर्षं मिळतात, घर बांधून वाचवायचा असेल तर तीन.

हिवाळ्यात विक्री झाली की आगाऊ कराचा शेवटचा हप्ता, १५ मार्चचा, लगेच समोर येतो. जानेवारीत पैसे आले आणि जुलैत रिटर्नच्या वेळी बघू म्हटलंत तर व्याज लागतं. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापतो, त्याचं प्रमाणपत्र घ्या. सहविक्रेत्यांत एखादा भाऊ अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शावर कपात एक टक्क्याने होत नाही, बरीच जास्त होते. कमी दराने कपात व्हावी म्हणून लागणाऱ्या प्रमाणपत्राचा अर्ज त्याला गोव्यात यायच्या आधीच करायला सांगा.

ताबा

खरेदीखताच्या दिवशी सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, पॅन आणि मुखत्यारपत्रांच्या मूळ प्रती बरोबर ठेवा. परदेशातून आलेलं मुखत्यारपत्र इथे आल्यावर मुदतीत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. बाकी पैसे खात्यात जमा झाल्यावरच चावी द्या. त्या दिवशीचा वीजमीटर आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढा, दोन्ही खाती घेणाऱ्याच्या नावावर करण्याच्या अर्जांवर तिथेच सह्या करून द्या. घरपट्टीचं नाव बदलण्याचा अर्ज पंचायतीत, म्युटेशनचा, म्हणजे उताऱ्यावर मालकाचं नाव बदलण्याचा, मामलेदार कचेरीत. म्युटेशन घेणाऱ्याचं काम असलं तरी एक-चौदावर त्याचं नाव चढेपर्यंत दोन-तीन महिन्यांनी उतारा काढून बघत राहा, कारण तोवर शेजाऱ्याची, पंचायतीची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते.